रात्रपाळीचा डॉक्टर कोण?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या खासगी डॉक्टरांनी चोवीस तासांचा बंद पाळला. हाक दिली होती इंडियन मेडिकल असोसिएशनच्या, म्हणजे सगळे जिला नुसते आयएमए म्हणतात त्या संघटनेच्या राज्य शाखेने. होमिओपॅथीची पदवी घेऊन आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, सीसीएमपी, पूर्ण केलेल्या डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद करायची आणि त्यांना ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची मुभा द्यायची, असे सरकारने ठरवले होते. त्याला हा विरोध होता. वाद जुनाच. २०१४ मध्ये राज्याने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली, आयएमएने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, तरी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अभ्यासक्रम सुरू केला आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. २०२५ च्या जूनअखेर परिषदेने नोंदणीचे पत्रक काढले, जुलैत विरोध होताच ते थांबले, सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारने पुन्हा नोंदणीचा आदेश दिला आणि डॉक्टर रस्त्यावर आले. संघटनेचे म्हणणे थोडक्यात असे, की इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे घासून जे येते ते एका वर्षात येत नाही, आणि त्याची किंमत शेवटी रुग्णाला मोजावी लागते.

हे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या बरेचसे बरोबर आहे असे मला वाटते. तरीही पुणे जिल्ह्यातल्या शिरूर किंवा दौंडच्या बाजारात उभे राहून विचारले, तर रुग्णांच्या काळजीपोटी हा बंद झाला असे मानणारे फार भेटणार नाहीत. 'डॉक्टरांचं आपसातलं भांडण' एवढ्यावर लोक विषय संपवतात. बरोबर असलेली गोष्ट लोकांना पटत का नाही, हा प्रश्न आयएमएने स्वतःला विचारायला हवा. माझ्या मते त्याचे उत्तर सीसीएमपीच्या अभ्यासक्रमात सापडणार नाही, ते संघटनेच्या स्वतःच्या घरात आहे. रुग्णाच्या सुरक्षेचे माप तिने होमिओपॅथांना लावले. तेच माप आपल्या सभासदांच्या रुग्णालयांना, रेफर चिठ्ठ्यांना आणि जाहिरातींना ती लावत नाही, तोवर तिच्या बरोबर म्हणण्यालाही वजन येणार नाही.

आधी या दोन तालुक्यांत उपचार मिळतात कसे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांच्या वर होती. रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत बाहेरून आलेले कामगार आणि हंगामात येणारे ऊसतोड मजूर धरले तर आज ती बरीच वाढली आहे. सपाट प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा सरकारी निकष आहे. म्हणजे तालुक्याला डझनभर केंद्रे, वर ग्रामीण रुग्णालये. उरलेला सगळा भार खासगी दवाखान्यांवर. हे दवाखाने कुठे आहेत, तर पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत, केडगाव-चौफुला, पाटस, आणि त्याच बाजूला दौंड. रस्त्यापासून आत गेलात की चित्र पालटते. मांडवगण फराट्याच्या माणसाला शिरूरही लांब आणि दौंडही लांब. गावात जो डॉक्टर असतो तो बहुधा होमिओपॅथीचा बीएचएमएस किंवा आयुर्वेदाचा बीएएमएस असतो. एमबीबीएस आणि एमडी तालुक्याच्या ठिकाणी किंवा हमरस्त्यावर भेटतात, आणि त्यांच्याही पुढचे काम वाघोली, खराडी, पुणे. आजारी माणूस या साखळीतून एकेक कडी पुढे सरकतो. त्याची सुरक्षितता तीन गोष्टींवर ठरते: पहिल्या कडीला काय कळते, ती त्याला पुढे वेळेवर पाठवते का, आणि कोणाकडे पाठवायचे हे ती कशावरून ठरवते. आयएमएचा सगळा भर पहिल्या गोष्टीवर आहे. तिसरीबद्दल ती क्वचितच तोंड उघडते.

पहिल्या गोष्टीचे महत्त्व कमी नाही. उसाच्या पट्ट्यात सर्पदंश हा दरवर्षीचा प्रसंग. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि ते ओळखण्याची एक साधी चाचणी आहे: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त वाहिले तर प्रतिविष सुरू करायचे, साधारण आठ ते दहा कुप्यांनी, आणि लहान मुलालाही तेवढीच मात्रा, कारण सापाने विष कमी टोचलेले नसते. प्रतिविषाचीच तीव्र प्रतिक्रिया आली तर हाताशी ॲड्रेनॅलिन हवे, ते स्नायूत द्यायचे. नाग-मण्याराच्या दंशात पापण्या जड होऊ लागल्या की पुढचा धोका श्वासाचा असतो, तेव्हा श्वास देण्याची पिशवी वापरता आली पाहिजे. यातली कुठलीच पायरी अवघड नाही, पण प्रत्येक पायरीमागे शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र आहे, आणि ते हातात बसायला शेकडो रुग्ण पाहावे लागतात. तापाचेही तसेच. तापात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की रुग्णाला दोन दिवस बरे वाटते, डॉक्टरचे नाव होते, आणि आत क्षयरोग असला तर तो पसरायला मोकळा होतो. १९९२ मध्ये मुंबईत एका होमिओपॅथ डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यातली औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरवून तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. आयएमए ज्या तत्त्वावर उभी आहे ते असे न्यायालयानेही मानलेले आहे.

आता हेच तत्त्व घेऊन रात्री दोन वाजता तालुक्याच्या एखाद्या खासगी रुग्णालयात जाऊ. मालक डॉक्टर एमडी किंवा एमएस, आयएमएचे सभासद. ते घरी आहेत, फोनवर उपलब्ध आहेत. वॉर्डात जागा आहे तो आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी. सलाईन तोच लावतो, रक्तदाब घसरला तर औषध तोच वाढवतो, छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी काढून व्हॉट्सॲपवर सरांना पाठवतो आणि उत्तर येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे तोच निभावतो. हा आरएमओ महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. यात गुपित काही नाही. रुग्णालयांच्या नोकरीच्या जाहिरातींत ते उघड छापलेले असते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतही हीच रीत आहे. आयुर्वेद पदवीधरांना राज्याने जुन्या कायद्याखाली आधुनिक औषधांची काही मुभा दिलेली आहे, होमिओपॅथांना ती नव्हती. तरी रात्रपाळीला दोघेही चालतात. म्हणजे जो डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यात पाटी लावून ॲलोपॅथीची गोळी लिहील तर रुग्णाला धोका, तोच आपल्या रुग्णालयात कमी पगारावर अतिदक्षता विभाग सांभाळेल तर चालेल, असा हिशेब झाला. गावकऱ्याला कायद्याची कलमे ठाऊक नसतील, पण रात्री आपल्या बापाला कोणी तपासले हे त्याला ठाऊक असते. बंदच्या दिवशी 'रुग्णसुरक्षा' हा शब्द त्याने ऐकला, तेव्हा त्याला तो आरएमओ आठवला असणार.

यावर छोट्या नर्सिंग होमचे मालक जे उत्तर देतात ते खोटे नाही. पंधरा-वीस खाटांच्या रुग्णालयाला तीन पाळ्यांत एमबीबीएस ठेवणे परवडत नाही. एमबीबीएस झालेला तरुण पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत असतो, तालुक्याला रात्रपाळी करायला तो येत नाही. तो ठेवायचाच म्हटले तर बिल वाढेल आणि तेच गावकरी ओरडतील. शिवाय तो आरएमओ मोकळा सोडलेला नसतो, मालकाच्या देखरेखीखाली काम करतो. हे सगळे मान्य करू. पण मान्य केल्यावर वादाचे स्वरूपच बदलते. कमी शिकलेला पण प्रशिक्षित हात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक कामापुरता चालतो असे तुम्ही स्वतःच्या रुग्णालयात मानता, तर मग सरकारशी भांडण 'असा हात नकोच' यावर होऊ शकत नाही. ते व्हायला हवे किती प्रशिक्षण, कोणती औषधे, कोणाची देखरेख आणि चूक झाली तर जबाबदार कोण यावर. या चारही प्रश्नांवर आयएमएकडे सांगण्यासारखे भरपूर आहे, सरकारपेक्षा कितीतरी जास्त. एक वर्षाच्या वर्गातल्या शिक्षणाने वॉर्डातला अनुभव भरून निघत नाही हा मुद्दा इथे धारदार होतो. सरसकट नकारात तो बोथट होऊन जातो.

हा प्रश्न पुण्याला तर अजिबात नवा नाही. १८७८ मध्ये पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल निघाले, तिथून बाहेर पडणारे एलसीपीएस डॉक्टर पदवीधर नसत. कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून ते गावोगावी आणि तालुक्याच्या ठिकाणी बसत. १९४६ मध्ये त्या शाळेचे महाविद्यालय झाले. त्याच वर्षी देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. त्या वेळी देशात सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यातले जवळजवळ तीस हजार असे परवानाधारक होते. एकाच दर्जाचा, पदवीधर 'मूलभूत डॉक्टर' घडवावा आणि परवान्याचे अभ्यासक्रम बंद करावेत, असे समितीच्या बहुमताने सुचवले. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले: डॉक्टरांची इतकी टंचाई असताना हे अभ्यासक्रम बंद करू नयेत. बहुमत मान्य झाले. हेतू चांगला होता, गरिबाला दुय्यम डॉक्टर का म्हणून, असा. पण एलसीपीएसने रिकामी केलेली जागा एमबीबीएसने भरली नाही. ती पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरली, आणि ज्या औषधांचे त्यांना नीट शिक्षण मिळाले नाही तीच औषधे देत भरली. एलसीपीएस निदान आधुनिक वैद्यकच शिकलेला असे. दर्जा राखण्यासाठी घेतलेल्या निर्णयातून गावाच्या वाट्याला आणखी कमी दर्जा आला, हा इतिहास आज 'नकोच' म्हणताना डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

साखळीतली तिसरी गोष्ट, म्हणजे रुग्ण कोणाकडे पाठवायचा हे कशावरून ठरते, त्याकडे आता वळतो. मला ती सगळ्यांत गंभीर वाटते. कट प्रॅक्टिस हा शब्द मराठीत आता समजावून सांगावा लागत नाही. गावातल्या डॉक्टरने रुग्ण पाठवला, सोनोग्राफी किंवा एमआरआय झाली, शस्त्रक्रिया झाली की बिलातला काही भाग पाठवणाऱ्याकडे परत येतो. तो भाग कोणी पदरचा देत नाही. तो रुग्णाच्याच बिलात मिसळलेला असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांचे विंचूदंशावरील उपचाराचे संशोधन जगभर मानले गेले, त्यांना एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल बाराशे रुपयांचा धनादेश आला आणि त्यांनी तो खिशात न घालता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. एवढा साधा सरळपणा बातमीचा विषय होतो, यावरूनच रीत किती मुरली आहे ते कळते. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून जे पुस्तकरूपाने मांडले, त्यात डॉक्टरांनीच सांगितले आहे की कट न देणाऱ्या प्रामाणिक तज्ज्ञाकडे रुग्ण येणेच बंद होते. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका हृदयरोग रुग्णालयाने 'डॉक्टरांना कमिशन नाही' असे सांगणारे फलक लावले, तेव्हा आयएमएच्या राज्य शाखेने आक्षेप घेतला तो त्या फलकांवर, कारण त्यातून बाकीच्या डॉक्टरांची बदनामी होते. त्याच वर्षी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला. तो कायदा झाला नाही.

इथे होमिओपॅथीचा वाद आणि कटचा वाद एकमेकांत गुंतलेले आहेत, हे सहसा कोणी बोलत नाही. गावातला बीएचएमएस डॉक्टर हाच शहरातल्या तज्ज्ञाचा रुग्ण-पुरवठा आहे. त्याच्याकडे दिवाळीला मिठाईचा डबा जातो, रुग्णालयाचा 'पीआरओ' महिन्याला फेरी मारतो, परिसरातल्या डॉक्टरांसाठी हॉटेलात जेवण ठेवले जाते. तेव्हा त्याची पदवी कोणी विचारत नाही. छातीत कळ आलेला कामगार रांजणगावहून निघाला तर त्याला जवळच्या, ईसीजी आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असलेल्या रुग्णालयात नेणे हा वैद्यकीय निर्णय. ते रुग्णालय ओलांडून वीस किलोमीटर पुढच्या रुग्णालयात नेणे हा कधीकधी हिशेबाचा निर्णय असतो. या वीस किलोमीटरांत हृदयाचा स्नायू मरतो. अर्धवट ज्ञानाने जेवढे नुकसान होते, तेवढेच चुकीच्या दिशेच्या चिठ्ठीने होऊ शकते, आणि ती चिठ्ठी लिहिणारा आणि स्वीकारणारा यांतला दुसरा बहुधा एमबीबीएसच्या वरच शिकलेला असतो. कमिशन देणे-घेणे २००२ च्या आचारसंहितेने आधीच निषिद्ध आहे. ते थांबवायला नवा अभ्यासक्रम लागत नाही.

संघटनेच्या वरच्या पातळीवरही हेच दुहेरी माप दिसते. २००८ मध्ये आयएमएने एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या फळांच्या रसाला आणि ओट्सला आपले नाव वापरू दिले. त्यावर तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१० मध्ये संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या सहा महिन्यांच्या निलंबनाचा निर्णय घेतला. २०१६ मध्ये आचारसंहितेतून 'डॉक्टरांच्या संघटना' हे शब्दच वगळले गेले. एकट्या डॉक्टरला जे निषिद्ध ते संघटनेला मोकळे. पुढे जंतू मारतो म्हणणारे एलईडी दिवे आणि भिंतीचे रंग यांच्या जाहिरातींतही तिचे नाव झळकले. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी नियमावली काढली, जेनेरिक औषधे लिहिण्याची सक्ती आणि औषध कंपन्यांच्या पैशांवरच्या परिषदांवर निर्बंध तिच्यात होते. आयएमएने विरोध केला आणि तीन आठवड्यांत ती स्थगित झाली. जेनेरिक औषधांच्या दर्जाबद्दलची संघटनेची शंका रास्त होती, हे मी मानतो. पण त्या शंकेबरोबर कंपन्यांच्या पाहुणचारावरचे निर्बंधही गुंडाळले गेले, याचे संघटनेला वाईट वाटल्याचे दिसले नाही. पतंजलीच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध २०२२ मध्ये आयएमए सर्वोच्च न्यायालयात गेली, ते काम खरोखर लोकहिताचे होते. एप्रिल २०२४ मध्ये खंडपीठाने तिलाच सुनावले की समोरच्याकडे एक बोट दाखवताना चार बोटे तुमच्याकडे वळलेली आहेत, तुमच्या सभासदांच्या महागड्या आणि अनावश्यक औषधांचे काय. खटला बरोबर असूनही फिर्यादीलाच उत्तर द्यावे लागले.

अमेरिकेतली उदाहरणे इथे उपयोगी आहेत. १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने घरगुती उपकरणे बनवणाऱ्या सनबीम कंपनीला आपले नाव विकण्याचा करार केला. सभासद डॉक्टरच संतापले, करार मोडला, नुकसानभरपाईपोटी सुमारे ९९ लाख डॉलर मोजावे लागले आणि वरच्या अधिकाऱ्यांना जावे लागले. आतूनच उठलेला तो संताप मला त्या रकमेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्याच संघटनेचा दुसरा इतिहास मात्र सावध करणारा आहे. १८४७ च्या तिच्या आचारसंहितेत होमिओपॅथांशी सल्लामसलत करायलाही मनाई होती. विसाव्या शतकात तिने पाठीच्या कण्यावर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार टाकला, आणि १९८७ मध्ये न्यायालयाने तो बहिष्कार स्पर्धाविरोधी ठरवला. रुग्णांच्या काळजीचा तिचा युक्तिवाद न्यायालयाने पुरेसा मानला नाही, कारण तीच काळजी कमी टोकाच्या मार्गाने घेता आली असती. विरोध शास्त्राला धरून असला तरी त्याला धंद्याचा वास आला की तो कसा कोसळतो, ते या खटल्यात दिसते.

'आम्ही स्वयंसेवी संघटना आहोत, शिक्षा करणे हे वैद्यक परिषदेचे काम', असे यावर सांगितले जाते. कायद्याने ते खरे आहे. नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयएमएला नाही. पण सभासदत्वाच्या अटी ठरवण्याचा आहे. १९२८ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत ही संघटना जन्मली, तेव्हापासून व्यवसायाची प्रतिष्ठा राखणे हे तिच्या उद्देशांतच आहे. शिवाय वैद्यक परिषदेवर डॉक्टरांतून निवडून जाणारे सदस्य असतात आणि त्या निवडणुकांत संघटनेचे वजन मोठे असते. निवडणुकीला आपले पॅनल आणि तक्रारीच्या वेळी 'ते परिषदेचे काम', हे दोन्ही एकदम कसे चालेल? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली तो खटलाही आयएमएच्याच नावाने ओळखला जातो, कारण ती सेवा कायद्याबाहेर ठेवावी म्हणून संघटना लढली होती. व्यवसायाने स्वतःवर नजर ठेवली नाही की बाहेरचा कायदा आत येतो, हे तेव्हाच कळायला हवे होते.

दुसरा आक्षेप जास्त मनाला लागणारा आहे. डॉक्टर आधीच मार खात आहेत. रुग्ण दगावला की काचा फुटतात. २०१० मध्ये महाराष्ट्राने डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध अजामीनपात्र गुन्ह्याचा कायदा केला, तरी हल्ले थांबलेले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर जे अत्याचार झाले त्यानंतरचा देशव्यापी बंद हा शुद्ध दुःखाचा आणि रागाचा होता. अशा वेळी आपल्याच दोषांची यादी वाचणे म्हणजे जमावाच्या हातात दगड देणे, असे अनेक चांगल्या डॉक्टरांना वाटते. मला ही भीती समजते, पण पटत नाही. हल्ला करणाऱ्याला कोणतेही कारण पुरते आणि कोणतेही कारण त्याचा गुन्हा कमी करत नाही. मात्र त्याच्या मागे उभे राहून गप्प बघणारे जे पन्नास लोक असतात, त्यांच्या मनात बिलाचा, कमिशनचा, 'रात्री नेमके कोण होते' याचा संशय साठलेला असतो. डॉक्टरांच्या बाजूने बोलायला पुढे येतील असे लोक त्यांच्यातूनच मिळायचे आहेत.

होमिओपॅथांच्या बाजूचे आणि सरकारचे म्हणणेही तपासले पाहिजे. 'जिथे एमबीबीएस जात नाही तिथे आम्ही जातो' हे अर्धे खरे आहे. आतल्या गावांत ते आहेत, आणि रात्री-अपरात्री दार उघडणारे तेच आहेत, त्याबद्दल त्यांचा मान ठेवायला हवा. पण शिक्रापूर-सणसवाडीच्या रस्त्यावरही पाट्यांची गर्दी त्यांचीच आहे. नोंदणी मिळाली म्हणून कोणी मांडवगणला दवाखाना काढेलच असे नाही. आणि सरकार? १०८ च्या रुग्णवाहिकेत बहुतांशी आयुर्वेद पदवीधर बसवायचे, उपकेंद्रांवर काही महिन्यांच्या प्रशिक्षणावर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचे, आरोग्य केंद्रांतल्या रिक्त जागा भरायच्या नाहीत आणि मग टंचाईचा दाखला देत होमिओपॅथांची नोंद वैद्यक परिषदेकडे करायची, यात रुग्णाच्या सुरक्षेचा विचार कमी आणि सोय जास्त आहे. आयएमएने हे ठणकावून सांगावे. फक्त ते सांगताना तिच्या मागे तिच्या स्वतःच्या रुग्णालयांची पारदर्शक नोंद हवी.

ती नोंद कशी होईल, तर तालुक्यापासून. दिल्लीच्या ठरावाची वाट पाहायला नको. शिरूर आणि दौंडच्या डॉक्टरांनी ठरवले तर प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात त्या पाळीला असलेल्या डॉक्टरचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहिता येईल. राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केलेलेच आहे, त्याच फळ्यावर आणखी एक ओळ. आरएमओला काय करता येईल आणि कोणत्या क्षणी मालक डॉक्टरने स्वतः यायचेच, याचे लेखी नियम करता येतील. रेफर चिठ्ठीवर 'याच रुग्णालयात का' याचे वैद्यकीय कारण लिहिण्याची सवय लावता येईल. आणि गावातल्या बीएचएमएस-बीएएमएस डॉक्टरांना हॉटेलातल्या जेवणाऐवजी सर्पदंश, छातीत दुखणे आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव या तिन्हींत पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, हे शिकवता येईल. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरचे काम तालुक्यातच राहून उभे केले आहे. त्यासाठी पुण्याचे रुग्णालय लागले नाही.

याबरोबर एक वही ठेवावी: पाठवलेला रुग्ण कुठून, किती वाजता निघाला, किती वाजता पोहोचला, आधी कोणी काय दिले होते, पुढे काय झाले. नावे नकोत, फक्त पदव्या आणि वेळा. वर्षभर दोन तालुक्यांतून अशी नोंद जमली तर ती उच्च न्यायालयापुढे ठेवता येईल. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाने कोणत्या आजारात फरक पडतो आणि कोणत्यात धोका वाढतो, हे त्यातून दिसेल. काही पाने संघटनेच्या सभासदांच्या विरोधात जातील, एमबीबीएसच्या हातून झालेला उशीरही त्यात येईल, अनावश्यक सोनोग्राफीही येईल. ती पाने फाडून न टाकता वही जशीच्या तशी हजर केली, तर पुढच्या बंदच्या दिवशी दौंडच्या स्टेशनबाहेर किंवा शिरूरच्या बाजारात डॉक्टरांना आपली बाजू वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.